एका पैलवानाची रांग

एका इंग्रजी पुस्तकात मी आहे. पानाच्या तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरात, 'एक स्थानिक मध्यस्थ' म्हणून. पुस्तक आपल्या कुस्तीतल्या उत्तेजक औषधांच्या इतिहासावर आहे. लवळ्याच्या टेकडीवर एका विद्यापीठात इतिहास शिकवणाऱ्या अनघा मॅडमनी ते लिहिलं. माझ्या नातीनं ती ओळ वाचून अर्थ सांगितला, तेव्हा मी हातातला चहा तसाच खाली ठेवला आणि मॅडमना फोन लावला. फोनवर जे बोललो ते दिवाळी अंकात छापण्यासारखं नाही. मध्यस्थ जमिनीच्या व्यवहारात असतो. भूगावात कुठल्याही टपरीवर चहाला थांबलात तर चार मध्यस्थ भेटतील. मी मध्यस्थ नव्हतो. मी जोड लावत होतो.

जोड लावणं म्हणजे काय, ते आधी सांगतो. गावच्या यात्रेला कुस्त्यांचं मैदान भरतं हे शहरातल्या लोकांनाही माहीत असतं. लाल माती, हलगी, फेटे, फोटो. पण कुणाची कुस्ती कुणाशी, हे कुणीतरी बसून ठरवावं लागतं. पौडपासून भुकूमपर्यंतच्या बऱ्याच गावांत ते मी ठरवलं. माझ्या घरात कुणी पैलवान नव्हता. मी मैदानाची माती घमेल्यानं वाहून टाकायला लागलो, तिथून वर चढत गेलो. वजनकाटा नसायचा. माणूस डोळ्यांनी तोलायचा. मान किती, मनगट किती, कान किती मोडलेत, बसलेला उठताना हात टेकतो का. जोड बरोबर लागली तर कुस्ती रंगते आणि लोक घरी जाताना तिच्याबद्दल बोलतात. चुकली तर एक जण उगाच मार खातो आणि शिव्या मला पडतात.

प्रत्येक वस्ताद आपला पैलवान आजारी करून आणतो, समोरचा हलका मिळावा म्हणून.

"आण्णा, पोराला लई ताप व्हता. जरा बघून द्या."

"तापानं मान जाड व्हती व्हय?"

"सूज हाय ती."

"मग दवाखान्यात न्या. हितं कशाला आणलाय?"

अशी घासाघीस दिवसभर चाले. माझा आवाज मोठा, डोकं गरम. दोनदा वस्तादांच्या अंगावर धावून गेलोय आणि एकदा वस्ताद माझ्या. पण ठरलेली जोड मी फिरवली नाही. आणि मैदानाचा एक नियम मी नव्या प्रत्येक पोराच्या कानात ओतला. नाव पुकारलं की पुढं यायचं. समोर कोण उभा आहे ते बघून मागं सरकायचं नाही. हरलेल्याला लोक पुढच्या वर्षी पुन्हा बोलावतात. नाव पुकारल्यावर लपून बसलेल्याला मुलगीसुद्धा कुणी देत नाही.

औषधं माझ्या नजरेला पडली ती या धंद्यामुळंच. माझ्या जोडी चुकायला लागल्या. एखादा पोरगा एका यात्रेला मधल्या कुस्त्यांतला असायचा आणि पुढच्या यात्रेला दोन पायऱ्या वरचा होऊन यायचा. खांदे फुगलेले, पाठीवर पुरळ, आणि राग असा की हलगी वाजवणाऱ्यालाच मारायला उठायचा.

"काय खायला घातलं रं ह्याला?" मी वस्तादाला विचारी.

"काय न्हाई आण्णा. दूध वाढवलं."

"म्हशीचं का हत्तिणीचं?"

वस्ताद हसायचा. मीही हसायचो. आणि त्या पोराला वरची जोड लावायचो, कारण ते माझं काम होतं. त्याच्या पोटात काय गेलंय हे बघणं माझं काम आहे, असं मला कुणी म्हटलं नव्हतं आणि मीही कुणाला म्हटलं नाही.

मी जोडी लावणं कमी केल्यावर अनघा मॅडम घरी आल्या. चटईवर मांडी घालून बसल्या, आवाज टिपायचं यंत्र मध्ये ठेवलं.

"मला काय मिळणार?" मी पहिला प्रश्न तोच टाकला.

"काही नाही, काका."

"मग मी कशाला बोलू?"

"तुम्ही नाही बोललात तर दुसरं कुणी बोलेल. आणि ते तुमच्याबद्दल बोलेल."

बाई आपल्याच धंद्यातली आहे हे मी तेव्हाच ओळखलं.

त्यांना मी आमच्या नाना वस्तादांकडे नेलं. नाना म्हणजे वय झालेलं झाड. सगळा तालुका त्यांच्या पाया पडतो. नानांनी नेहमीचं सुरू केलं. आमच्या टायमाला दूध, तूप, बदाम, दुसरं काय न्हाई, आत्ताची पोरं सुया टोचून घेत्यात. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं आणि अगदी गोड आवाजात विचारलं, "वैद्यांकडचं काही घ्यायचात का, नाना?"

"घ्यायचू की. काळी गोळी यायची. कुस्तीच्या आदल्या दिवशी."

"त्यानं काय व्हायचं?"

"काय सुदिक न्हाई. झोप यायची न्हाई, आन् मार लागला तरी उमगायचा न्हाई. बास."

मी खोकला आल्यासारखं केलं. नाना माझ्यावर डाफरले, "दात काय काढतुयास? त्यो खुराक व्हता. औषध न्हवं."

परत येताना गाडीत मी मॅडमना म्हणालो, लिहा आता, नानाच पहिले. त्यांनी मान हलवली. त्या काळात असं काही घ्यायचं नाही हा नियमच नव्हता, म्हणाल्या. नियम नसताना नानांना गुन्हेगार म्हणता येत नाही, आणि गोळी घेतलेली असताना जुना काळ दुधासारखा होता असंही लिहिता येत नाही. कुठल्याही गावात गेलं तरी औषधं आपल्या नंतरच्या पिढीपासून सुरू झाली असंच सांगतात, म्हणाल्या. मला ते पटलं. मी तोंडावर कबूल केलं नाही, कारण सौदा अजून चालू होता.

मग त्यांनी इतिहास कसा लिहितात ते सांगितलं. ज्यांची तपासणी झाली त्यांचेच कागद मागं राहतात. पकडल्याचा अहवाल असतो, बंदीचा हुकूम असतो, वर्तमानपत्राचं कात्रण असतं. ज्यांची तपासणी झालीच नाही त्यांचा कागद नसतो. म्हणून त्यांच्याबद्दल फार जपून लिहावं लागतं.

"म्हंजी जो घावला त्योच चोर?"

"जो सापडला तोच नोंदीत येतो, काका. एवढंच म्हणते मी."

"तेच म्हनलं मी."

"आपल्या भागातला असा एकच कागद मला मिळालाय," त्या म्हणाल्या. आणि त्यांनी सोपानचं नाव घेतलं.

इथून माझं डोकं फिरायला सुरुवात झाली.

सोपान भुकूममध्ये तालीम चालवतो. दोन सोसायट्यांच्या मध्ये पत्र्याचं शेड आहे, आत मातीचा हौद. गावातली पोरं येतात, आणि आता फ्लॅटमधलीही येतात; नागपूर-लातूरकडून नोकरीला आलेल्या लोकांची. त्यांच्या आया पोराला तालमीत घालण्याआधी वस्तादाचं नाव मोबाईलमध्ये शोधतात. औषधापायी सोपानवर आलेल्या बंदीची बातमी इतकी जुनी की मोबाईलमध्ये सापडत नाही. एवढ्या एका आधारावर त्या माणसाचं घर चाललेलं. आता ती बातमी पुस्तकात जाणार होती. आणि ती खोटी नव्हती. सोपाननं ते औषध घेतलं होतं. त्यानं कधी नाही म्हटलेलं नाही.

पण ती सकाळ मी पाहिली आहे. राज्याच्या एका सराव शिबिरात निवडक पैलवान ठेवले होते. त्यातल्या एका मोठ्या नावाला आमच्या यात्रेच्या शेवटच्या कुस्तीसाठी पटवायला मी गेलो होतो. गुडघा दुखतोय म्हणून तो आदल्या दिवशीपासून नखरे करत होता. सकाळी मी आवारात उभा असताना फाटकातून एक पांढरी गाडी आत आली, आणि कुणीतरी ओरडलं, "पावणं आलं!"

मला वाटलं खरंच कुणाचे पाहुणे आले. पैलवानांना बरोबर कळलं. दिल्लीहून तपासणीची माणसं आली होती. खोल्यांतून बनियनवर, टॉवेलवर सगळे मागच्या भिंतीकडे पळाले. एकाच्या तोंडात दात घासायचा ब्रश तसाच होता. आणि माझा गुडघेवाला, ज्याला पायरी उतरता येत नव्हती, त्यानं पुरुषभर उंच भिंत एका झेपेत पार केली. मनातल्या मनात मी त्याची जोड एक पायरी वर नेली.

व्हरांड्यात साहेब नावं पुकारायला लागला. एक नाव, उत्तर नाही. दुसरं नाव, उत्तर नाही. मग सोपानचं नाव आलं.

"हजर!"

सोपान शिबिरात नवा होता. आंघोळ करून, केस विंचरून तो पुढं येऊन उभा राहिला. मैदानात उभा राहतो तसा, छाती काढून.

"बाकी सब कहाँ हैं?" साहेबानं विचारलं.

सोपाननं मागं वळून बघितलं. रांगेत तो एकटाच होता. मला अजून त्याचा चेहरा दिसतो. त्याला काही संशय आला नव्हता, उलट बाकीच्यांची लाज वाटली होती. "आयेंगे साब," तो म्हणाला. "नाव पुकाऱ्या है ना? आयेंगे."

कुणी आलं नाही. पुढं त्याच्या तपासणीत औषध निघालं, बंदी आली, लंगोटातला फोटो पेपरात आला. पोलिसातली भरती तोंडाशी आलेली गेली. कित्येक वर्षं त्यानं टेम्पो चालवला. भिंतीपलीकडचे संध्याकाळी परत आले आणि पुढं मोठे झाले. त्यांच्या वाढदिवसांचे फ्लेक्स पौड रस्त्यावर लागतात. मैदानाच्या स्टेजवर मला हाताला धरून खुर्ची देणारे तेच आहेत.

मॅडमनी कच्चा मजकूर मला मराठीत वाचून दाखवला. त्यात सोपान होता. ग्रामीण खेळाडू, माहितीचा अभाव, व्यवस्थेचा बळी, असं बरंच मऊ मऊ लिहिलं होतं.

"बळी म्हंजी बोकड का?" मी ओरडलो. "पेपरवाल्यांनी चोर लिवला, तुमी अडाणी लिवताय. त्यो अडाणी न्हवता. त्याचं नाव पुकारलं म्हणून त्यो आला!"

मॅडम म्हणाल्या, "मग बाकीचे कोण होते, सांगा."

मी रागात सगळी नावं सांगून टाकली. त्यांनी एकही लिहून घेतलं नाही.

"त्यांना औषध घेताना पाहिलंत?"

"घेतल्याबिगर पळत्यात व्हय?"

"काका, पाहिलंत का?"

"...न्हाई."

"मग मी एवढंच लिहू शकते की त्या सकाळी नावं पुकारल्यावर एकच पैलवान हजर झाला आणि बाकीचे भिंतीवरून गेले. कुणाचंही नाव न घेता. तेही साक्षीदार असेल तर. त्याच्या नावासकट, सहीसकट."

उभ्या आयुष्यात मला असं कुणी कोपऱ्यात घेतलं नव्हतं. बाईचं चूक काहीच नव्हतं, म्हणून जास्त राग आला. मी म्हटलं, नावं तरी घाला. त्या म्हणाल्या, नाही. मी म्हटलं, निदान बळी हा शब्द काढा. त्या म्हणाल्या, तो काढते, सही द्या. मी म्हटलं, विचार करून सांगतो. माझ्या धंद्यात विचार करून सांगतो म्हणजे भाव उतरला असं समजतात, आणि त्याही तसंच समजल्या.

सही केली असती तर स्टेजवरची माझी खुर्ची गेली असती. यात्रेच्या कमिटीनं मला विचारणं बंद केलं असतं. माझ्याकडे दुसरं आहे काय? शेत विकलं, मुलं कामाला, मी मैदानावर ओळखला जातो तेवढाच. घरी सांगितलं तर बायको म्हणाली, "सोपानच्या जागी तुमी असता तर आलाच असता की पुढं. मग आता काय झालं?" मी तिच्यावरही ओरडलो. मग लवळ्याला जाऊन, विद्यार्थ्यांच्या कँटीनमध्ये, समोशाच्या बशीशेजारी कागद ठेवून सही केली. पूर्ण नाव, बापाच्या नावासकट. पुस्तकात सोपानच्या शेजारी दुसरं एक नाव असावं, एवढाच हिशेब होता.

पुस्तक आलं आणि त्यात मी 'एक स्थानिक मध्यस्थ' झालो.

मॅडम फोनवर शिव्या ऐकून घेऊन मग बोलल्या. प्रकाशकाच्या वकिलांनी माझं नाव काढायला लावलं होतं. साक्षीदाराला त्रास होऊ नये, त्याला संरक्षण मिळावं, असा परदेशात नियम आहे म्हणे.

"आन् सोपानला संरक्षण न्हाई?"

"त्यांचं नाव आधीच जाहीर झालंय, काका. म्हणून ते लपवता येत नाही."

म्हणजे एकदा ज्याचे कपडे काढलेत त्याला पुन्हा पांघरूण घालायची गरज नाही. अशा प्रकारे त्या संबंध प्रकरणात भिंतीवरून गेलेल्यांची नावं नाहीत, बघणाऱ्याचं नाव नाही. सोपानचं आहे. मॅडमनी भांडून पाहिलं असं त्या म्हणाल्या, आणि माझा त्यांच्यावर विश्वास आहे, कारण 'बळी' त्यांनी कबूल केल्याप्रमाणे काढला होता. माझ्या शौर्याचं म्हणाल तर पुस्तक इंग्रजी आणि महाग. तालुक्यात कुणी वाचलं नाही. यात्रेला कमिटीनं मला नेहमीसारखं बोलावलं. गुडघेवाल्यानं खुर्ची दिली, वर नारळ दिला.

मग एका मराठी पेपरनं रविवारी त्या पुस्तकावर लेख छापला. भिंतीची गोष्ट त्यांना जागेअभावी घेता आली नसावी. सोपानचं नाव घेता आलं, जुना फोटोही सापडला. त्या आठवड्यात सोसायट्यांमधली पोरं तालमीत येईनाशी झाली. एका आईनं फोन करून सांगितलं, एकीनं फक्त सोपानचा नंबर ब्लॉक केला.

मी ठरवलं की आता बास. या अंकाचे संपादक मागं लागलेच होते, मैदानाच्या आठवणी लिहा म्हणून. त्यांना म्हटलं, लिहितो, पण नावं घालून लिहितो. ते माझ्यापेक्षा उतावीळ निघाले. वकिलाचं मी बघतो, म्हणाले. नावं पाठ होतीच. तरी छापायच्या आधी सोपानला सांगावं म्हणून भुकूमला गेलो.

संध्याकाळची वेळ. सोपान हौदाच्या कडेला फावड्यानं माती सारखी करत होता. गावची दहा-पंधरा पोरं जोर मारत होती. मी सगळं सांगितलं. तो फावडं थांबवून ऐकत राहिला.

"न्हाई आण्णा," तो म्हणाला. "नावं घालायची न्हाईत."

"का? भितोस?"

"आता मला काय करायचं ऱ्हायलंय कुणी? तसं न्हवं." त्यानं हनुवटीनं पोरांकडं दाखवलं. "त्यो तिसरा बघा. आन् त्यो कडंचा, लाल लंगोटाचा. वळखा कुणाची हायेत."

मी बघितलं. माणूस डोळ्यांनी तोलण्यात आयुष्य गेलं माझं. खांदा बघून बाप ओळखतो. लाल लंगोटवाल्याचा बाप ब्रश तोंडात घेऊन पळाला होता. तिसऱ्याचा बाप माझा गुडघेवाला.

"पुण्यात एसी तालमी हायेत," सोपान म्हणाला. "ह्यांच्या बापांस्नी काय कमी हाय? तरी पोरं माझ्याकडं घालत्यात. लेख आल्यावर सोसायटीची गेली, ही न्हाई गेली. का, ते त्यांनी मला सांगितलं न्हाई. मी इचारलं न्हाई."

"आरं, पण तू एकटाच नागवा झालास!"

"झालो की. म्हणून पोरांस्नी शाळंत बापाच्या नावानं टोमणं ऐकाया लावू का आता?"

मी चढ्या आवाजात बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात बाहेर मोठी गाडी थांबली. गुडघेवाला उतरला. मला बघून हसला, आण्णा म्हणाला, दारात चपला काढल्या, हौदाच्या मातीला हात लावून कपाळाला लावला. मग सोपानसमोर हात बांधून उभा राहिला. ज्याच्या फ्लेक्सवर चार-चार नेत्यांचे फोटो असतात तो माणूस.

"वस्ताद, पोरगं कसं हाय?"

"बरं हाय. दम कमी पडतुया. दूध वाढवा."

"वाढवतो."

"दुसरं काय देऊ नका."

गुडघेवाल्यानं एकदा माझ्याकडं बघितलं, मग मातीकडं. "न्हाई वस्ताद," तो म्हणाला. "त्ये कवाच न्हाई."

पोरगं अंगाची माती झटकत आलं, बापाच्या मागोमाग गाडीत बसलं. सोपाननं फावडं उचललं आणि राहिलेली माती सारखी करायला लागला. संपादकांना मी नावं दिलेली नाहीत. माझं दिलंय, पूर्ण, आणि ते कुठल्याही वकिलाला काढू देऊ नका असं बजावलंय: त्या सकाळी तिथं होतो तो मी, बबन दगडू शेडगे. भुकूमच्या तालमीत जागा आहे. आपली पोरं पाठवा.